कूड : परक्या शहरातील आपले दार

गोमंतकीयांच्या स्थलांतराचा इतिहास लिहिताना आपण तह, लोहमार्ग आणि आगबोटी यांची नोंद घेतो. परंतु घर सोडून आलेला कोवळ्या वयाचा मुलगा मुंबईत पहिल्या रात्री कोठे निजला, हा प्रश्न क्वचितच विचारतो. तो विचारला म्हणजे ‘कूड’ या संस्थेचे महत्त्व ध्यानी येते.

पोर्तुगीज अमलातील गोव्यात उपजीविकेची साधने तुटपुंजी होती. त्यात १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने तेथील मिठागरांवर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि अनेकांचा धंदा बसला. बारदेश व सासष्टीतील ख्रिस्ती तरुण आचारी, वादक, खलाशी होण्यासाठी मुंबईची वाट धरू लागले. त्यांच्यासाठी गावोगावच्या मंडळींनी धोबीतलाव, माझगाव या भागांत भाड्याच्या जागा घेतल्या. कूड म्हणजे खोली. अल्प वर्गणीत सभासदाला पेटी ठेवण्यापुरती जागा आणि पथारीपुरती भुई मिळे. सायंकाळी वेदीपुढे सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा, गावच्या संताचे फेस्त तेथेही साजरे करावयाचे, असा शिरस्ता होता.

बोटीवर काम मिळेपर्यंत महिनेच्या महिने जात. त्या रिकाम्या दिवसांत तरुणाला सावरले ते केवळ छपराने नव्हे. आपला बाप कोण, घर कोणते, हे जाणणारी माणसे भोवती होती म्हणून. त्यांच्या मायेइतकाच त्यांचा धाकही उपयोगी पडला. तरीही कूड निर्दोष नव्हती. ती पुरुषांचीच होती. आया म्हणून आलेल्या मुलींना तिचा आसरा नव्हता. काही गावांच्या कुडी तर जातीपरत्वे वेगळ्या होत्या. गावाची ऊब आली, तशा गावाच्या भिंतीही आल्या.

मात्र या मंडळींना निवाऱ्यापलीकडेही काही हवे होते. १७ एप्रिल १८९२ रोजी ‘इटालियन भुर्गो’ हा पहिला तियात्र रंगभूमीवर आला, तो गोव्यात नव्हे, मुंबईत! परक्या शहरात आपल्या भाषेत एकत्र हसणे, हीही एक गरजच होती.

आज कुडी रोडावल्या आहेत. घर सोडून येणारी मुले मात्र आमच्या शाळांच्या दारी नित्य उभी आहेत. आम्ही शिक्षक त्यांचा दाखला तपासतो, नाव पटावर घेतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. मधल्या सुट्टीत तो मुलगा कोणाबरोबर डबा खातो, हे आम्ही तरी किती वेळा पाहिले? अल्पशिक्षित खलाशांना जे उमगले, ते आम्हा पदवीधरांना उमगू नये, हे आम्हांस भूषणावह नाही.