डोळे, तळवे आणि कातडी

सैन्यात भरती व्हायला आलेल्या माणसाला आधी सदरा काढायला सांगतात. छाती मोजतात, दात पाहतात, भिंतीवरची अक्षरे वाचायला लावतात. त्याची निष्ठा, त्याचे ध्येय हे सगळे नंतर. परक्या देशाच्या सैन्यात आपणहून गेलेल्या माणसांविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा त्यांच्या विचारांची चर्चा होते, पत्रे उद्धृत होतात. डॉक्टरने दिलेला कागद मात्र फारसा कोणी उघडत नाही. गेली काही वर्षे पहिल्या महायुद्धातील वैमानिकांची चरित्रे वाचताना मला वाटू लागले, की त्या कागदाला बरेच काही ठाऊक असते. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द दिसतात शरीराविषयीचे; पण ते ठरवताना शरीराखेरीज आणखीही काही मोजले जाते.

ऑगस्ट १९१४. अमेरिका अजून तटस्थ होती. पॅरिसमध्ये असलेल्या काही अमेरिकी तरुणांना फ्रान्सच्या बाजूने लढायचे होते. अडचण कायद्याची होती. अमेरिकेच्या १९०७च्या कायद्यानुसार परक्या राष्ट्राशी एकनिष्ठतेची शपथ घेणारा आपले नागरिकत्व गमावत असे. यातून वाट होती ती फॉरेन लीजनची. तिथे परकीयाला फ्रेंच नागरिक न होता, फ्रान्सशी निष्ठेची शपथ न घेता शिपाई होता येई. या तरुणांची तपासणी झाली ती लेझँव्हालिदच्या आवारात. म्हणजे चौदाव्या लुईने जखमी आणि अपंग सैनिकांसाठी बांधलेल्या वास्तूत. धडधाकट ठरवून घेण्यासाठी यापेक्षा बोलकी जागा सापडली नसती.

त्यांच्यात पिट्सबर्गच्या धनिक घराण्यातला विल्यम थॉ होता. युद्धाआधीच तो विमान चालवायला शिकला होता. लीजनमधून तो फ्रेंच विमानदलात गेला आणि एप्रिल १९१६मध्ये अमेरिकी स्वयंसेवकांची जी तुकडी उभी राहिली, पुढे ‘लाफायेत एस्काद्रिल’ म्हणून गाजलेली, तिच्या पहिल्या वैमानिकांपैकी तो एक. थॉच्या डाव्या डोळ्याची दृष्टी २०/८० होती. निरोगी डोळ्याला जे ८० फुटांवरून दिसावे, ते वाचायला त्याला २० फुटांवर यावे लागे. कानाने तो कमी ऐके. गुडघ्याला जुनी दुखापत होती. त्याच तुकडीतल्या डडली हिलचा एक डोळा जवळजवळ निकामी होता. फ्रान्सने दोघांनाही विमाने दिली. फ्रान्सला माणसे हवी होती, आणि तटस्थ अमेरिकेचे मन वळवायला अमेरिकी तरुण आकाशात दिसणे हेही हवे होते. अशा गरजेपुढे २०/८०चे काय चालणार?

एप्रिल १९१७मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तिने स्वतःचे विमानदल वाढवायला घेतले. आता कसोट्या कडक झाल्या. डोळे निर्दोष हवेत, रंग ओळखता यायला हवेत. शिवाय एक नवी परीक्षा आली, फिरत्या खुर्चीची. उमेदवाराला खुर्चीत बसवून २० सेकंदांत दहा वेळा गरगर फिरवायचे, एकदम थांबवायचे आणि त्याची बुबुळे किती वेळ थरथरतात ते घड्याळ लावून मोजायचे. सुमारे २६ सेकंद ही अपेक्षा; त्याहून दहा सेकंद कमी-जास्त चालत. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा शाबूत असल्याखेरीज माणूस ढगात विमान सरळ ठेवू शकणार नाही, ही त्यामागची समजूत होती. या विचारात तथ्य नव्हते असे नाही. पण ढगात शिरलेल्या वैमानिकाला कान उलट चकवतात आणि उपकरणांवरच विसंबावे लागते, हे पुढच्या दशकात स्पष्ट झाले.

फ्रान्समध्ये आधीपासून लढत असलेले अमेरिकी वैमानिक आपल्या देशाच्या विमानदलात यायचे म्हणून त्यांचीही तपासणी झाली. नव्या निकषांवर थॉसारखे कित्येक जण सरळ नापास. पण दीड-दोन वर्षे शत्रूशी झुंजलेल्या माणसाला ‘तू उडण्यास अपात्र’ असे कोण सांगणार? त्यांना सवलत देण्यात आली. फेब्रुवारी १९१८मध्ये ही तुकडी अमेरिकेची १०३वी एरो स्क्वाड्रन झाली आणि मेजर थॉ तिचा प्रमुख. इथवर गोष्ट समंजसपणाचीच आहे: अनुभव पाहून नियम वाकला.

आता दुसरा माणूस. यूजीन बुलार्ड, जन्म १८९५, जॉर्जिया राज्यातील कोलंबस. गोऱ्यांच्या झुंडीची दहशत लहानपणीच पाहिलेला हा कृष्णवर्णीय मुलगा १९१२मध्ये जहाजात लपून स्कॉटलंडला पोहोचला, मुष्टियोद्धा झाला आणि पॅरिसला येऊन राहिला. ऑक्टोबर १९१४मध्ये तो लीजनमध्ये दाखल झाला. मार्च १९१६मध्ये व्हर्दंच्या रणांगणात त्याची मांडी फाटली. पायदळासाठी तो निकामी ठरला, म्हणून त्याने विमानदलाचा रस्ता धरला. मे १९१७मध्ये त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला आणि ऑगस्टमध्ये तो आघाडीवर होता.

आपल्या देशाने वैमानिकांना बोलावले तेव्हा बुलार्डनेही अर्ज केला. तपासणीची हकीकत त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. डॉक्टर म्हणाले, तुझे तळवे सपाट आहेत. त्याने सांगितले, मी पायदळात लढून आलो आहे. मग टॉन्सिल मोठे निघाले. त्यावर तो म्हणाला, नशीब, मला ऑपेरात गायचे नाही. अखेर त्याला उत्तीर्ण ठरवावे लागले. बोलावणे मात्र कधीच आले नाही. अमेरिकी विमानदलात कृष्णवर्णीयाला जागा नव्हती.

थॉ तपासणीत बसत नव्हता, तरी घेतला गेला. बुलार्ड बसत होता, तरी राहिला. दोघांचे कागद शेजारी ठेवले की कसोटी शरीराची नव्हती हे कळते. पुढे एका फ्रेंच अधिकाऱ्याशी झालेल्या भांडणानंतर बुलार्डला फ्रान्सनेही विमानदलातून काढून पायदळाच्या बिगरलढाऊ कामावर धाडले. तेव्हा फ्रान्सलाही देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही.

आपल्या लोकांचे काय? ब्रिटिशांचे सैन्य भारतीयाला परके म्हणायचे की नाही, हा प्रश्नच गुंतागुंतीचा. प्रजा म्हणून ते ‘आपले’. पण त्याच्या अधिकारीपदाच्या दारात तो परकाच. हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डला शिकत होते. रॉयल फ्लाइंग कोअरने त्यांना प्रथम नाकारले. ते फ्रान्समध्ये रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले, फ्रेंच विमानदलाने त्यांना घ्यायची तयारी दाखवली, आणि मग त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांनी इंग्रज सेनाधिकाऱ्याला पत्र धाडले. फ्रेंचांना चालतो तो आपल्याला का चालत नाही, याचे उत्तर देणे अवघड होते. एप्रिल १९१७मध्ये मलिक इंग्रजांच्या विमानदलात आले. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राणही तयार झाले.

कोलकात्याचा इंद्रलाल रॉय डोळ्यांवरून अपात्र ठरला होता. त्याने मोटारसायकल विकून लंडनच्या नामांकित नेत्रतज्ज्ञाची फी भरली आणि निर्णय फिरवून घेतला, असे सांगतात. डिसेंबर १९१७मधील अपघातानंतर तो पुन्हा उड्डाणास अपात्र ठरला. हट्टाने पुन्हा पात्र झाला. जुलै १९१८मध्ये अवघ्या १३ दिवसांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलैला तो पडला, तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. मुंबईचे लेफ्टनंट वेलिणकर, २३व्या स्क्वाड्रनचे, त्याच्या महिनाभर आधी गेले. उत्तर फ्रान्समध्ये हँगार्ड गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. आपल्याकडे हे मराठी नाव किती जणांना ठाऊक असेल?

डॉक्टरी तपासणी हे थोतांड होते, असा निष्कर्ष मला काढायचा नाही. अधू डोळ्यांचा वैमानिक स्वतःसह दुसऱ्यालाही मारतो. पण निकष जेव्हा काहींसाठी वाकतो आणि काहींसाठी पुरा होऊनही उपयोगाचा नसतो, तेव्हा तो निकष राहत नाही, बहाणा होतो. बहाणा लॅटिन शब्दांत लिहिलेला असला की त्याला शास्त्राचे वजन येते, एवढेच.

बुलार्ड १९६१मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. शेवटच्या काळात तो रॉकफेलर सेंटरमध्ये लिफ्ट चालवत असे. १९९४मध्ये अमेरिकी हवाईदलाने त्याला मरणोत्तर सेकंड लेफ्टनंट केले. जुन्या दप्तरात ‘वैद्यकीयदृष्ट्या अपात्र’ असा शेरा आढळला, की अभ्यासकाने एवढे जरूर शोधावे: हेच वैगुण्य असलेला दुसरा कोणी त्याच सुमारास आत घेतला गेला होता का, आणि तो कोण होता.