फितीवरील चित्र आणि घरची तबकडी

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत, हिंजवडी हें गांव आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें तेथें माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारण्यास आरंभ केला आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यापूर्वींची हिंजवडी जर कोठें हलतांबोलतांना पाहावयाची असेल, तर ती जुन्या रहिवाशांच्या कपाटांतील व्हिडिओ कॅसेटींतच सांपडावयाची. लग्नाच्या मांडवामागें सहज टिपलेलें शेत, म्हातोबाच्या यात्रेंतील बगाडाची मिरवणूक, आज हयात नसलेल्या माणसांचे चेहरे, हें सर्व अशा फितींत असूं शकतें. म्हणून ती डी. व्ही. डी.वर उतरविण्याची इच्छा साहजिक होय. त्या वेळीं एक शंका बहुधा निघते. फितीवरील चित्र संगणकांत घेणारें कॅप्चर यंत्र जर पंधरावीस वर्षांचें जुनें असेल, तर त्यामुळें तबकडीवरील चित्र निकृष्ट होतें काय?

या शंकेचें उत्तर त्या यंत्रांच्या इतिहासांत आहे. घरगुती व्ही. एच. एस. कॅसेट जपानांत १९७६ सालीं विक्रीस आली. भारतांत १९८२ सालीं, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षीं, रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि त्यानंतरच्या दशकांत व्ही. सी. आर. मध्यमवर्गीय घरांतून शिरला. आपल्याकडील दूरचित्रवाणीचें चित्र ६२५ आडव्या रेषांचें असे. त्यांपैकीं ५७६ रेषा चित्राच्या, आणि सेकंदास २५ चित्रें. परंतु अर्ध्या इंच रुंदीच्या या फितीवर आडव्या दिशेनें सुमारें २४० रेषांइतकाच बारकावा उमटतो. रंगाचा बारकावा तर याहूनही पुष्कळच कमी. म्हणजे चित्राची पहिली मर्यादा फितीनेंच घालून दिलेली असते.

योगायोग असा कीं, त्याच १९८२ सालीं चित्राचें अंकांत रूपांतर करण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक ठरला. प्रत्येक रेषेवर ७२० ठिकाणीं मोजमाप घ्यावें, असा तो दंडक. १९९६ सालीं जपानांत डी. व्ही. डी. निघाली तेव्हां तिनेंही ७२० गुणिलें ५७६ हेंच माप स्वीकारलें. त्यामुळें हा दंडक पाळणारें जुनें यंत्र आणि कालपरवां विकत घेतलेलें यंत्र यांचें माप एकच असतें. शेरभर धान्य पायलींत ओतलें तरी तें शेरभरच राहतें. नवें यंत्र फितींत नसलेला बारकावा आणूं शकत नाहीं. वय हा यंत्राचा स्वतंत्र दोष नव्हे.

मग दोष कोठें शिरतो? पहिला, चित्र आवळण्यांत. आरंभींच्या संगणकांना इतकी माहिती सांठविणें झेपत नसे. १९९३ च्या व्ही. सी. डी.नें तर चित्र ३५२ गुणिलें २८८ इतकें, म्हणजे सुमारें चतुर्थांश केलें. आपल्याकडे पुष्कळ लग्नाच्या फिती अशा तबकड्यांवर उतरल्या. त्यावरून पुढें डी. व्ही. डी. केली, तरी गेलेले तीन भाग परत येत नाहींत. दुसरा दोष तारेंत. फितीवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात; एकाच पिवळ्या तारेंतून ते एकत्र येतात आणि हलक्या यंत्राला ते नीट वेगळे करतां येत नाहींत. मग कडांवर ठिपके नाचतात आणि रंग ओघळतात. एस-व्हिडिओची तार त्यांना निराळें ठेवते, मात्र तशी सोय व्ही. सी. आर.लाही हवी.

तिसरा दोष वेळेचा. जीर्ण फीत एकसारखी चालत नाहीं. रेषा मागेंपुढें सरकतात आणि उभे खांब वांकडे दिसतात. हा डळमळाट सांवरणारी योजना कांहीं जुन्या, चांगल्या व्ही. सी. आर.मध्यें असे, आजच्या स्वस्त, बोटाएवढ्या यंत्रांत ती बहुधा नसते. येथें जुनें सरस ठरूं शकतें. चौथा दोष शेवटचा: साध्या तबकडींत ४.७ जी. बी. इतकीच जागा, तींत चार तास कोंबले म्हणजे मिरवणुकींतील गर्दीचे चौकोन दिसूं लागतात, आणि दूषण मात्र बिचाऱ्या कॅप्चर यंत्राला मिळतें.

या सर्वांपेक्षां अधिक चिंता व्ही. सी. आर.ची. जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ सालीं त्याचें उत्पादन थांबविलें. तें करणारी ती शेवटची कंपनी होती. उरलेल्या यंत्रांचीं डोकीं झिजत आहेत आणि पावसाळ्याच्या दमट हवेंत फितींवर बुरशी चढते. तेव्हां नव्या कॅप्चर यंत्राची वाट पाहत बसण्यांत लाभ थोडा आणि धोका मोठा.

मात्र प्रत झाली म्हणून मूळ फीत टाकूं नये. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, त्याच्या अर्धशतक आधीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईंत झळकला होता. १९१३ च्या त्या चित्रपटाचे आज कांहीं भागच उरले आहेत. घरच्या फितीला संग्रहालय नसतें. ती कोरड्या कपाटांत उभी ठेवावी, होईल तितक्या लौकर तिची चांगली प्रत करावी, आणि प्रत पाहून समाधान झालें तरीही मूळ फीत जपावी. कारण पहिल्या प्रतींत जें सुटतें, तें पुन्हां मिळण्याचें ठिकाण त्या फितीवांचून दुसरें नाहीं.