वजनदार (चित्रपट)

'वजनदार' हा २०१६ साली प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट आहे. सचिन कुंडलकर हे त्याचे दिग्दर्शक, तर विधि कासलीवाल या निर्मात्या आहेत. सडपातळ दिसण्यासाठी स्त्रियांवर येणारा सामाजिक दबाव हा त्याचा विषय होय.

कथानक

पाचगणीत राहणाऱ्या कावेरी (सई ताम्हणकर) आणि पूजा (प्रिया बापट) या दोन मैत्रिणी वजन घटविण्याचा निश्चय करतात. कावेरी विवाहित, तर पूजा अविवाहित आहे. या प्रयत्नांत स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलत जाते.

वैशिष्ट्ये

भूमिकांसाठी दोन्ही अभिनेत्रींनी प्रत्यक्षात वजन वाढविले होते. शीर्षकात श्लेष आहे. मराठीत 'वजनदार' म्हणजे जसा जड, तसाच ज्याच्या शब्दाला मान आहे असा. स्त्रीच्या बाबतीत पहिल्याच अर्थाचे मोजमाप होते, या विसंगतीकडे हे शीर्षक लक्ष वेधते.