पेन्सिल, कागद आणि मल्टिमीटर

जाड कागदावर 6बी पेन्सिलीने बोटभर लांबीचा पट्टा चांगला काळाकुट्ट होईपर्यंत गिरवा. दोन्ही टोकांना मल्टिमीटरचे चिमटे लावा आणि पट्टा बाहेरच्या बाजूला राहील असा कागद वाकवा. रोध वाढेल. उलट वाकवा, तो उतरेल. ग्राफाइटचे कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात; ताण आला की दुरावतात, दाब आला की खेटतात. ताण मोजणाऱ्या लवचीक कार्बन-संवेदकांच्या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्याने आधी हे करून पाहावे, मग पान उलटावे.

ताणलेल्या तारेचा रोध बदलतो, हे लॉर्ड केल्विन यांनी 1856 मध्येच दाखवले होते. पुलांवर चिकटवतात ते धातूचे गेज याच तत्त्वावर चालतात. पण गेजची लांबी 1 टक्का वाढली, तर रोध वाढतो जेमतेम 2 टक्के. आणि फार ताणला तर गेजच तुटतो. वाकत्या गुडघ्यावरची कातडी त्याला झेपत नाही.

तिथे कार्बन कामाला येतो. वीज न वाहणाऱ्या रबरात कार्बनच्या नॅनोनलिका थोड्याथोड्या मिसळत गेले, तर बराच वेळ काहीच घडत नाही. मग एका प्रमाणाला त्यांची साखळी आरपार जुळते आणि रोध एकदम कोसळतो. काजळीनेही हे साधते, पण तिचे कण गोलसर, म्हणून ती बरीच जास्त घालावी लागते. या उंबरठ्याच्या जरासे पुढे थांबलेले मिश्रण फार हळवे असते: दुवे मोजकेच, एक सुटला तरी जाणवतो. 2016 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जोनाथन कोलमन यांच्या गटाने सिली पुटी या मुलांच्या खेळण्यात ग्राफीन मळले. त्या मऊ गोळ्याने मानेची नाडी टिपली, अंगावरून चालणाऱ्या लहानशा कोळ्याची पावलेही टिपली.

तरीही कोणताही शोधनिबंध उघडलात, की संवेदनशीलतेच्या आकड्याआधी हजार वेळा ताणून सोडल्यानंतरचा आलेख शोधा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रबर सोडल्याबरोबर मूळ जागी येत नाही, सुटलेले दुवे होते तसेच जुळत नाहीत, घाम आणि उष्णता आपली भर घालतात. पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाचे बोट किती वाकले हे हातमोज्यातला पट्टा सांगणार असेल, तर बोट तेवढेच वाकल्यावर सकाळी आणि संध्याकाळी आकडाही तोच यायला हवा.

तेव्हा पेन्सिलीचा तो कागद टाकू नका. पन्नास वेळा वाकवून सरळ करा, सरळ झाल्यावरचा आकडा दर वेळी वहीत लिहा, आणि ती वही शेजारी ठेवून पहिले प्रकरण वाचायला घ्या.