शेवटची तीन मिनिटं

परवा संध्याकाळी नात कॉलेजच्या मॅचहून आली ती थेट आतल्या खोलीत. बूटसुद्धा काढले नाहीत. ती कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन आहे. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा तिची टीम आठ गुणांनी पुढे होती आणि शेवटी दोन गुणांनी हरली. रात्री वरणभात पुढ्यात घेऊन म्हणाली, "आजी, तूच म्हणतेस ना, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये? आम्ही तेच केलं. सगळ्यांना तसं मीच सांगितलं होतं."

मंडळी, मी चपापलेच! ही म्हण आमच्या घरात माझीच. सातपूरमधला संसार, ह्यांची एमआयडीसीतली नोकरी, मध्येच कधी संप तर कधी टाळेबंदी. मिळालं ते राखायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मग तिला नीट विचारलं. तोवर त्या चेंडू हाती आला की धावत सुटायच्या आणि समोरच्या मुली सावरायच्या आत बास्केट करायच्या. आठ गुणांची आघाडी झाल्यावर ठरलं, आता सावकाश! चेंडू मध्यरेषेजवळ टपटपत वेळ काढायचा. पण नियमाप्रमाणे २४ सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकावाच लागतो. त्यातले वीस असेच गेले की उरलेल्या चारांत जिच्या हातात चेंडू ती कसाबसा फेकणार. समोरच्या मुलींनी हे ओळखलं आणि सगळ्या मैदानभर अंगावर येऊन अडवायला लागल्या. आठ सेकंदांत मध्यरेषाही ओलांडता येईना.

"हा २४ चा नियम कुणी काढला असेल ग?" असं ती वैतागून म्हणाली आणि माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली.

१८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ काढला, तेव्हा चेंडू किती वेळ जवळ ठेवायचा याला बंधनच नव्हतं. त्याचा कळस झाला २२ नोव्हेंबर १९५० ला. मिनियापोलिस लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा धिप्पाड खेळाडू होता. त्याच्यापुढे आपला निभाव लागणार नाही म्हणून फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू नुसता धरून ठेवला. ४८ मिनिटांचा खेळ, आणि निकाल १९-१८! पिस्टन्स जिंकले, पण तिकीट काढून आलेल्या लोकांनी पाहायचं काय?

यावर उपाय शोधला सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी. अगदी पाचवीतलं गणित. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात. ४८ मिनिटांचे सेकंद २८८०. भागाकार केला, उत्तर २४. १९५४ मध्ये हा नियम आला आणि संघाचे सरासरी गुण ७९ वरून ९३ वर गेले.

गंमत पुढेच आहे. १९५५ च्या अंतिम फेरीत गाठ पडली ती सिरॅक्यूज आणि त्याच फोर्ट वेनची! निर्णायक सातव्या सामन्यात फोर्ट वेन १७ गुणांनी पुढे होतं. पण आता चेंडू धरून बसायची सोय नव्हती. सिरॅक्यूजने ९२-९१ असा सामना जिंकला. एका गुणाची ती आघाडी शेवटच्या काही सेकंदांत जॉर्ज किंग याने समोरच्याच्या हातून चेंडू काढून घेऊन राखली.

कॉलेजांना हे शहाणपण उशिरा सुचलं. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनाने व्हर्जिनियाविरुद्ध शेवटी कित्येक मिनिटं चेंडू नुसता फिरवत ठेवून ४७-४५ असा विजय मिळवला. त्या संघात मायकल जॉर्डन होता, तरीही! त्यानंतर १९८५ च्या हंगामापासून तिथल्या मुलांच्या कॉलेज सामन्यांत ४५ सेकंदांचं घड्याळ आलं. मुलींकडे मात्र १९७० च्या सुमारासच ३० सेकंदांचं घड्याळ होतं बरं का!

आपल्या हुतूतूला पूर्वी असं घड्याळ नव्हतं. चढाई करणाऱ्याचा दम हेच घड्याळ होतं. दम संपायच्या आत परत यायचं. पण पुढे असलेला संघ निदानरेषेला पाय लावून नुसता माघारी येऊ लागला, तेव्हा इथेही नियम करावा लागला. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर बाद.

नातीला म्हटलं, "तुम्ही राखायला गेलात ते चुकलं नाही. फक्त चुकीच्या ठिकाणी राखलंत. किंगने आघाडी राखली ती समोरच्याचा चेंडू अडवून, आपला चेंडू कवटाळून नव्हे. बास्केट करणं थांबवायचं नव्हतं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, "मग आजी, तुझ्या म्हणीचं काय?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. निवृत्त झाल्यापासून मीही मध्यरेषेजवळ चेंडू टपटपत बसले आहे की काय, असं वाटून गेलं. किती दिवस शाळेतल्या जुन्या वह्यांवरून काहीतरी लिहायचं म्हणतेय, ते अजून कपाटातच आहे.

असो. नात दुसऱ्या दिवशी सहाला सरावाला गेली. मी वह्या काढल्या आहेत. म्हणीचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. तुमच्याकडे याहून बरी एखादी असेल तर जरूर कळवा!