शीर्षकातलं ‘बहुधा’

गेल्या वर्षी सेमिनारमध्ये मी ऐटीत ‘एसआयएडीएच’ची स्लाइड लावली: अँटीडाययुरेटिक हॉर्मोन, म्हणजे एडीएच, गरज नसताना स्रवतं, मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम घसरतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पहिल्यांदा शोधलं तेव्हा एडीएच मोजलं कसं?” मी गप्प. घरी येऊन मूळ पेपर काढला, तर शीर्षकातच शब्द होता ‘प्रॉबॅब्ली’. बहुधा!

साल 1957. विल्यम श्वार्ट्झ, फ्रेडरिक बार्टर आणि सहकारी. रुग्ण फक्त दोन, दोघांनाही फुप्फुसाचा कॅन्सर. रक्तात सोडियम फार कमी, तरी लघवीतून ते जातच होतं. मूत्रपिंड आणि अॅड्रिनल ग्रंथींचं काम ठीक. अशा वेळी कुणालाही वाटेल, मीठ जातंय तर मीठ द्या. पण अशा रुग्णाला साधं सलाइन लावलं तर मूत्रपिंड त्यातलं मीठ बाहेर टाकतं आणि पाणी ठेवून घेतं; सोडियम आणखी खाली जाऊ शकतं. खरा उपाय पाणी कमी करणं.

हे कोडं उलगडलं ते आधीच्या एका प्रयोगामुळे, आणि मला तो मूळ पेपरपेक्षाही जास्त आवडतो. 1953 मध्ये अलेक्झांडर लीफ, बार्टर वगैरेंनी निरोगी माणसांना पिट्रेसिन, म्हणजे पिट्युटरीतून काढलेलं हेच हॉर्मोन, टोचलं. सोबत भरपूर पाणी दिलं की ते अंगात साठायचं, वजन वाढायचं, मग लघवीतून सोडियम जायला लागायचं. पाणी मोजकं ठेवलं, तर हॉर्मोन तेच असूनही सोडियम तसं जात नसे. म्हणजे मीठ घालवत होतं ते साठलेलं पाणी, थेट हॉर्मोन नव्हे. कंट्रोल म्हणजे काय, हे यावरून नीट कळतं बघा.

1957 च्या रुग्णांत अगदी हाच नमुना दिसला. पण रक्तातलं इतकं थोडं एडीएच खात्रीने मोजायची सोय तेव्हा नव्हती. रेडिओइम्युनोअसे नंतर आली. म्हणून तो ‘बहुधा’. पुढे कॅन्सरच्या गाठीतच हे हॉर्मोन सापडलं आणि अंदाज खरा ठरला.

2005 मध्ये मात्र दोन बाळांचा पेपर आला. चित्र हुबेहूब तेच, पण एडीएच मोजावं तर सापडेचना. बिघाड मूत्रपिंडातल्या व्ही-टू रिसेप्टरच्या जनुकात होता: हॉर्मोन नसतानाही रिसेप्टर चालूच. आता बरेच जण नावातला शेवटचा ‘एच’ गाळून नुसतं ‘एसआयएडी’ म्हणतात.