नाव चिकाचं, कूळ प्रथिनाचं

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून तळाशी बसलेला चीक घेतात. तशा गव्हाच्या चिकाला ग्रीक लोक ‘अमायलॉन’ म्हणत. ‘मायलॉस’ म्हणजे जातं आणि आधीचा ‘अ’ आपल्यासारखाच नकाराचा; म्हणजे जात्याविना मिळालेलं. त्यावरून १८३८ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन यांनी झाडांतल्या स्टार्चसारख्या एका पदार्थाला ‘अमायलॉइड’ म्हटलं.

हा शब्द माणसाच्या शरीरात आणला रुडॉल्फ फिर्खो यांनी, १८५४ मध्ये. मेंदूतल्या बारीक गोल कणांवर आयोडीन टाकलं तर ते निळसर झाले. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आपण पाहिलेलं तेच. रोग्यांच्या यकृत-प्लीहेत साचणारा मेणचट पदार्थही आयोडीन धरायचा, म्हणून तोही अमायलॉइड ठरला. पाचच वर्षांत फ्रीडराइख आणि केकुले यांनी प्लीहेतला तो पदार्थ तपासला. त्यात स्टार्च नव्हता, नायट्रोजन भरपूर होता. म्हणजे हे प्रथिन! पण नाव एव्हाना रुळलं होतं.

पुढचा उलगडाही रंगानेच केला. सुती कापडाचा काँगो रेड हा रंग अमायलॉइडला चिकटतो, हे १९२२ मध्ये बेनहोल्ड यांना दिसलं. ध्रुवित प्रकाशात त्यातून हिरवी झाक येते. असा प्रकाश फेकायला आत काहीतरी शिस्तीत रचलेलं हवं. ते १९५९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं: फाटे न फुटणारे, सरळ, जेमतेम दहा नॅनोमीटर जाडीचे तंतू. १९६८ मध्ये क्ष-किरणांनी आतली वीण दाखवली. प्रथिनाच्या साखळ्या तंतूच्या लांबीला आडव्या, भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक. दोन थरांत अंतर ४.७ अँगस्ट्रॉम. अशीच आडवी रचना अ‍ॅस्टबरी यांना १९३५ मध्येच दिसली होती, तीही शिजवून ताणलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात! तंतूच्या टोकाला सुटा रेणू येऊन लागतो आणि खालच्यासारखीच घडी घेतो. तयार तंतूचा तुकडा घातला की बाकीचं प्रथिन लवकर तंतू धरतं. विरजणच म्हणा ना.

आता गंमत पाहा. फिर्खोंनी मेंदूत पाहिलेले ते गोल कण मुख्यतः साखरेच्या साखळ्यांचेच निघाले, स्टार्चच्या जवळचे. नाव त्यांना चपखल बसलं होतं. आजच्या व्याख्येत मात्र ते अमायलॉइड नाहीत.